हौसेला मोल : १९०६ चा एक हंगाम आणि आपली सांगण्याची रीत

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत एक क्रिकेट सामना झाला. एका बाजूला हिंदू जिमखान्याचा संघ, दुसऱ्या बाजूला बॉम्बे जिमखान्याचे युरोपियन. पहिल्या डावात हिंदूंच्या २४२ धावा झाल्या, युरोपियनांच्या १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० वर आटोपले. युरोपियनांना जिंकायला २१२ हव्या होत्या, ते १०२ वर बाद झाले. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. बेरीज-वजाबाकी कुणालाही करून पाहता येईल, हिशेब जुळतो.

न जुळणारा हिशेब वेगळा आहे. जिंकणाऱ्या संघात दोन सख्खे भाऊ होते, बाळू आणि शिवराम पालवणकर. जातीने चांभार. थोरला भाऊ डावखुरा मंदगती गोलंदाज, त्या काळातला देशातला सर्वोत्तम म्हणावा असा. चौदा वर्षांपूर्वी, १८९२ साली, हाच माणूस पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखत होता. त्याआधी पारशांच्या क्लबात तो खेळपट्टी झाडायचा आणि रूळ फिरवायचा, तेव्हा पगार तीन रुपये होता. हिंदू जिमखाना ही हौशी लोकांची संस्था. मग त्या संघातला हा खेळाडू हौशी होता की पगारी? हा प्रश्न त्या हंगामात कुणी जाहीरपणे विचारलेला मला आढळला नाही, आणि पुढे ज्यांनी हा हंगाम लिहिला त्यांनीही तो बाजूलाच ठेवला. या लेखात मला तोच विचारायचा आहे, कारण त्याचे उत्तर आपण खेळाच्या आणि जातीच्या गोष्टी कशा सांगतो याबद्दल बरेच काही सांगते.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्ये. मी इतिहासाचा पदवीधर नाही. पावसला राहतो, आंब्याचा हंगाम संपला की वाचतो. क्रिकेटच्या जुन्या पुस्तकांचा नाद लागला तो गावच्या संघाची स्कोअरबुक लिहिता लिहिता. ‘पालवणकर’ या आडनावाने मला प्रथम थांबवले, कारण शेवटचा ‘कर’ आम्हा कोकणातल्यांना लांबूनही ओळखू येतो. कुटुंब फौजेच्या नोकरीमुळे धारवाड-पुण्याकडे गेलेले, पण नावात कोकणातले पालवण गाव टिकून राहिलेले.

हंगामाची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मुंबईत हिंदी लोकांत क्रिकेट प्रथम रुजवले ते पारशांनी. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ चा. १८८६ आणि १८८८ साली त्यांचे संघ इंग्लंडला जाऊन आले, आणि १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी हे ‘प्रेसिडेन्सी’ सामने दरवर्षीचे झाले. हिंदू जिमखाना १८९४ चा, म्हणजे पंगतीला उशिरा आलेला. १९०६ साली हिंदूंनी आव्हान दिले ते पारशांना. दोन समाजांतल्या कुरबुरींमुळे ते जमले नाही आणि पारशांच्या जागी युरोपियन उभे राहिले. त्या सामन्याचा निकाल वर दिलाच आहे. पुढच्या वर्षी, १९०७ मध्ये, तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली, १९३७ साली पंचरंगी, आणि १९४६ नंतर बंद पडली. मुंबईच्या क्रिकेटची चाळीस वर्षे ज्या खांबावर उभी राहिली, त्याचा पाया हा एका हंगामातला एक सामना.

आता शब्दाकडे वळू. ‘अमॅच्युअर’ला आपण ‘हौशी’ म्हणतो. भाषांतर चांगले आहे, पण निरागस नाही. आपल्याकडे हौसेला मोल नसते असे म्हणतात. त्याचा एक अर्थ हौस पैशात मोजू नये असा. दुसरा अर्थ असा की ज्याला मोल मोजणे परवडते त्यानेच हौस करावी. इंग्लंडात अमॅच्युअर या शब्दाला नेमके हेच दोन अर्थ होते. १८०६ पासून १९६२ पर्यंत तिथे ‘जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स’ असा सामना खेळला जात असे. जंटलमेन म्हणजे हौशी, प्लेअर्स म्हणजे पगारी. दोघांची ड्रेसिंग रूम वेगळी, मैदानात उतरण्याचे दार वेगळे. धावफलकावरही हौशी माणसाच्या नावाआधी आद्याक्षरे छापली जात, पगारी माणसाचे नुसते आडनाव. आणि खेळातली वाटणी अशी की फलंदाजीचा डौल बहुधा हौशी लोकांकडे आणि गोलंदाजीचा घाम पगारी लोकांकडे.

हे सगळे इंग्रजांचेच होते असेही नाही. पालवणकर मुंबईत गोलंदाजी करत होते त्याच हिवाळ्यात कॅनडात बर्फावरच्या हॉकीचा एक हंगाम चालू होता. मॉन्ट्रियल, ओटावा आणि क्वेबेकच्या सहा क्लबांनी डिसेंबर १९०५ मध्ये एक नवी संघटना काढली होती, आणि तिच्या नावातच ‘अमॅच्युअर’ हा शब्द होता. हंगामाअखेर ओटावा आणि मॉन्ट्रियलचे वाँडरर्स बरोबरीत राहिले, म्हणून मार्च १९०६ मध्ये दोन सामन्यांत मिळून कोणाचे गोल जास्त यावर निकाल ठरला. पहिला सामना वाँडरर्सनी ९-१ असा जिंकला, दुसरा ओटावाने ९-३ असा. एकूण १२-१०, म्हणजे वाँडरर्सची सरशी, आणि त्याबरोबर स्टॅन्ले कपही त्यांचा. पण या हंगामाचा खरा निकाल आठ महिन्यांनी लागला. खेळाडूंना आतून पैसे दिले जातात हे उघड गुपित झाले होते. नोव्हेंबर १९०६ मध्ये संघटनेने पगारी खेळाडूंना हौशी खेळाडूंच्या बरोबरीने खेळायला परवानगी दिली. अट एकच, कोण पगारी आणि कोण हौशी याची यादी जाहीर करायची. १९०८ साली निव्वळ हौशी संघांसाठी ॲलन कप हा वेगळा चषक निघाला, आणि लवकरच संघटनेने आपल्या नावातून ‘अमॅच्युअर’ हा शब्दच काढून टाकला.

कॅनडाचा हा दाखला मी अंतर दाखवायला दिला, थोरवी सांगायला नाही. तिथे भांडण पैशाचे होते, म्हणून पैशाची यादी छापली की ते मिटण्याच्या मार्गाला लागले. आपल्याकडे भांडण पैशाचे नव्हते. पालवणकरांना पगार मिळतो की नाही याची जिमखान्यात कुणाला फिकीर नव्हती. काही सभासदांचा आक्षेप होता तो त्यांच्या जातीला. म्हणजे ज्या रेषेवर इंग्लंड आणि कॅनडा अडले, ती आपल्याकडे कुणी पाहिलीसुद्धा नाही, कारण तिच्या आधी एक जुनी आणि जास्त खोल रेषा होती.

आता हा हंगाम सांगणाऱ्या मजकुरांकडे पाहू.

जे. एम. फ्रामजी पटेल यांचे ‘स्ट्रे थॉट्स ऑन इंडियन क्रिकेट’ १९०५ साली निघाले, म्हणजे सामन्याच्या तोंडावर. पटेल स्वतः पारशी क्रिकेटचे आधारस्तंभ. त्यांनी पालवणकरांच्या गोलंदाजीची वाखाणणी केली आहे, आणि ती मनापासूनची आहे. पण पुस्तकाचा सूर घरमालकाचा आहे. पारशांनी हा खेळ आणला, आता इतर समाज शिकत आहेत, हे चांगले आहे. शिकणाऱ्यांतला एकजण पारशांच्याच क्लबात झाडू मारत शिकला, या गोष्टीला त्या सुरात जागा नाही.

सामन्यानंतरच्या आठवड्यात ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या विजयाची दखल घेतली. त्या पत्राला धावांपेक्षा पंगत महत्त्वाची वाटली. चांभार भावांना हिंदू जिमखान्यात घेतले गेले, त्यांच्यासोबत खाणेपिणे झाले, आणि हजारो तरुण हिंदूंच्या मनावर याचा जो परिणाम झाला तो दुसऱ्या कुठल्या प्रयत्नाने झाला नसता, असा त्याचा आशय. हे लिहिणे त्या काळात सोपे नव्हते आणि त्याचे मोल मी कमी करणार नाही. पण वाक्याचा कर्ता पाहा. घेणारे हिंदू, उदार होणारे हिंदू, बदलणारी मने हिंदूंची. ज्यांना घेतले त्यांच्याकडे या वाक्यात फक्त घेतले जाण्याचे काम आहे. आठ-दहा वर्षे त्यांनी बळी घेतले म्हणून जिमखान्याला त्यांची गरज पडली, हे उलट बाजूने सांगता आले असते.

तिसरा मजकूर रामचंद्र गुहा यांचा. ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ हे पुस्तक २००२ साली आले आणि बाळू पालवणकर हे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आले. या पुस्तकाचे माझ्यावर ऋण आहे. खेळाचा इतिहास हा समाजाचाही इतिहास असतो, हे माझ्यासारख्या गावात बसून वाचणाऱ्याला त्याने पटवले. पुण्याच्या हिंदू संघाने पालवणकरांना खेळायला घेतले, पण चहाच्या वेळी पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला आणि जेवणाचे पान वेगळे मांडले, हा प्रसंग आज जो तो सांगतो तो या पुस्तकामुळे.

पण याच पुस्तकाने मला खटकणारी एक सवयही आपल्याला लावली. मातीचे भांडे इतके लख्ख दिसते की त्यामागचा पगार दिसेनासा होतो. तीन रुपये, चार रुपये हे आकडे गुहा देतात, पण ते नायकाच्या गरिबीचा रंग म्हणून येतात. माझ्या मते गोष्टीचा बिजागर तिथेच आहे. पुण्याच्या क्लबातले जे. जी. ग्रेग हे नामांकित फलंदाज. सरावाला रोज त्यांना चेंडू टाकायचे काम या नोकराकडे आले. आपल्याला बाद केले की ग्रेग दर वेळी आठ आणे देत, अशी कथा सांगतात. हिशेब करा. महिन्यात ग्रेगना आठ वेळा बाद केले की चार रुपये, म्हणजे अख्खा पगार. देशातला थोर गोलंदाज घडला तो या उक्त्या मजुरीवर. पण त्याच क्लबात त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी ही साहेबाची हौस, गोलंदाजी हे नोकराचे काम.

इथे दोन व्यवस्था एकमेकींना भेटतात. इंग्रजांच्या वर्गभेदाने सांगितले की घाम गाळणारा खालचा. आपल्या जातिभेदाने ते आधीच सांगितले होते. एकाने बॅट दिली नाही, दुसऱ्याने कप दिला नाही. सांगताना आपण दुसरी गोष्ट लाजेने सांगतो आणि पहिली गमतीने. आठ आण्यांची कथा ऐकून लोक हसतात. मीही हसलो होतो.

चौथा मजकूर घरातला. धाकटे भाऊ विठ्ठल पालवणकर यांचे ‘माझे क्रीडाजीवन’ हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत निघाले. पुण्याच्या दिवसांची हकीकत सांगताना गुहांनाही त्याचा आधार घ्यावा लागला. म्हणजे ही कथा आधी मराठीत होती. आपण ती सोडून दिली, आणि चौपन्न वर्षांनी ती इंग्रजीतून परत आली तेव्हा चकित झालो. मराठी समीक्षेने दलित आत्मकथनांवर एवढे लिहिले, पण एका चांभार क्रिकेटपटूचे पुस्तक खेळाच्या कपाटात पडले म्हणून साहित्याच्या कपाटापर्यंत आले नाही. या वर्गीकरणाची जबाबदारी ग्रंथपालांवर ढकलून चालणार नाही. वाचणारे आपणच होतो.

आणि एक बारीक गोष्ट. जुन्या धावफलकांवर हे भाऊ ‘पी. बाळू’, ‘पी. शिवराम’, ‘पी. विठ्ठल’ असे दिसतात. त्याच संघाकडून खेळलेले देवधर ‘डी. बी. देवधर’ असतात, पै ‘एम. डी. पै’ असतात. एकांना आडनाव, दुसऱ्यांना हाक मारायचे नाव, आणि गावाचे एक आद्याक्षर. यावरून मोठा सिद्धान्त मांडायचा नाही. तसे लिहिण्याची पद्धत इतर प्रांतांत आहे, आणि ही नावे त्या भावांनी पुढे मानाने मिरवली. पण शंभर वर्षांनंतरही आपण ‘देवधर’ म्हणतो आणि ‘बाळू’ म्हणतो, हे कानांनी तपासून पाहावे. मी या लेखात ठरवून ‘पालवणकर’ लिहिले आहे. लिहिताना अडखळलो, इतकी जुनी सवय.

मग १९०६ चा विजय खोटा होता का? नाही. असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा आळशीपणा ठरेल. आमच्या रत्नागिरीत सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर उभे राहिले ते १९३१ साली. त्याच्या पंचवीस वर्षे आधी मुंबईत एका हिंदू संस्थेत चांभार भाऊ पंगतीला बसले, ही छोटी गोष्ट नाही. पण ज्या संस्थेने पंगत दिली तिने पद दिले नाही. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा पालवणकरांनी दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. त्यानंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही. १९२० साली या वादात शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून माघार घेतली, मग थोरल्या भावाला उपकर्णधार करण्यात आले. कर्णधारपद घरात आले ते १९२३ साली, विठ्ठल यांच्याकडे. सामना जिंकल्यापासून सतरा वर्षांनी.

पुढचे राजकारणही या हिशेबाचाच भाग आहे. १९३२ च्या पुणे करारावर बाळू पालवणकरांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत उभे केले ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, पालवणकरांना ११,२२५. पुष्कळजण हा प्रसंग शोकांतिका म्हणून सांगतात किंवा दगा म्हणून. मला त्यात १९०६ चाच हंगाम पुढे चालू राहिलेला दिसतो. आमच्या संघात या, गोलंदाजी करा, पंगतीला बसा, कर्णधार आम्ही ठरवू. आंबेडकरांनी वेगळा संघ काढायचे ठरवले होते. पालवणकर ज्या संघात वाढले त्याच्याकडून उभे राहिले. दोघांच्याही निर्णयामागे अनुभव होता, आणि पालवणकरांचा अनुभव आपण मातीच्या भांड्यापुरता ठेवला तर तो निर्णय समजणार नाही. त्यांना याच संघाने नाव दिले होते, आणि याच संघाने थांबवलेही होते.

शेवटी माझी स्कोअरबुक. ऐंशीच्या दशकात गावच्या संघाचा हिशेब माझ्याकडे असे. मे महिन्यात मुंबईहून चाकरमानी आले की सामने रंगत. मैदान कातळाला लागून, म्हणून खेळपट्टी करणे हे मोठे काम. माती आणायची, पाणी मारायचे, चोपून काढायची. ते काम एकजण करायचा आणि आम्ही त्याला थोडे पैसे द्यायचो. तो चेंडू छान वळवायचा. सरावाला आम्ही त्याला हक्काने गोलंदाजी करायला लावत असू. सामन्यात कुणी आला नाही की त्याला घेत असू. या लेखाच्या निमित्ताने ती वही पुन्हा काढली. माझेच अक्षर. एका सामन्यात चार बळी घेतलेल्या माणसाच्या नावाच्या जागी मी लिहिले आहे, ‘बदली’. दुसऱ्या सामन्यातही ‘बदली’. चार हंगामांत त्याचे नाव एकदाही नाही. वही लिहिणारा मी तेव्हा स्वतःला हौशी समजत होतो.

गेल्या महिन्यात त्याच्या घरी गेलो. तो आता थकला आहे, पण ते चार बळी कुणाचे होते हे त्याला क्रमाने आठवत होते. मी सोबत वही नेली होती. त्याने सांगितल्याप्रमाणे, जुन्या शब्दावर रेघ न मारता, मी शेजारी त्याचे पूर्ण नाव लिहिले, आडनावासकट. इथे ते छापणार नाही, कारण तशी परवानगी मागायला मला संकोच वाटला. पण वहीत ते आहे.